जोखमीच्या गरोदरपणात सोनोग्राफीचा रिपोर्ट कसा पाहावा

गरोदर स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असेल, मधुमेह आधीपासूनच असेल, फिटच्या गोळ्या चालू असतील (त्या मनाने बंद करू नयेत), लग्न मामाच्या मुलाशी झालेले असेल किंवा आधीच्या बाळात व्यंग आढळले असेल, तर रिपोर्टमध्ये सर्वांत आधी आठवडा पाहावा. चुकीच्या आठवड्यातील 'नॉर्मल'ला फारसा अर्थ नसतो.

११ ते १४ आठवड्यांच्या एनटी स्कॅनमध्ये बाळाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजतात. ती ३.५ मिलिमीटर किंवा अधिक असेल, तर डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) चांगली आली तरी बाळाची गुणसूत्रे पाहणाऱ्या गर्भजल तपासणीविषयी विचारावे. गुणसूत्रे निर्दोष निघाली तरी हृदय स्वतंत्रपणे तपासून घ्यावे.

अ‍ॅनोमली स्कॅन (बाळातील व्यंग शोधणारी सोनोग्राफी) १८ ते २० आठवड्यांत करावा. मणक्यातील फट लहान असली की ती थेट दिसतेच असे नाही, परंतु तिची खूण बहुधा डोक्यात उमटते: कपाळाच्या बाजू आत दबून कवटी लिंबासारखी दिसते आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकतो, म्हणून रिपोर्टमध्ये 'लेमन', 'बनाना' असे शब्द येतात. मेंदूतील पोकळी १० मिलिमीटर किंवा अधिक रुंद असणे, गर्भजल वाढलेले असताना बाळाचे जठर न दिसणे, गर्भजल अगदी कमी असून मूत्राशय न भरणे, यांचा पाठपुरावा हवाच. हृदयाचे चार कप्पे दिसले एवढ्यावर समाधान मानू नये. त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची नोंद आहे का ते पाहावे आणि मधुमेह असल्यास फीटल इको (पोटातील बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा. याउलट, बाकी सर्व ठीक असताना हृदयात एखादा पांढरा ठिपका दिसला, तर तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. त्यावरून घरात रडारड नको.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा अठरावा आठवडा पुष्कळदा फडावरच उजाडतो. निघण्यापूर्वीच कारखान्याजवळच्या शहरात तारीख ठरवावी आणि मूळ रिपोर्टची फाईल सोबत न्यावी. दोष गंभीर वाटल्यास घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे. २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार २४ आठवड्यांनंतर गंभीर व्यंगामुळे गर्भपात करायचा झाल्यास वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते, त्यामुळे दुसरे मत त्याच आठवड्यात घ्यावे. बाळ मुलगा की मुलगी, हे मात्र विचारू नये. तो १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.