पिल्लू येण्याआधी कंगवा आणा

पुढच्या महिन्यात आमच्या कोथरूडच्या घरी दुसरे लॅब्राडूडल पिल्लू येणार आहे, आणि पहिल्या वेळी जी तयारी अर्धवट राहिली ती या वेळी राहू नये म्हणून ही यादी लिहून काढत आहे. लॅब्राडोर आणि पूडल यांचा हा संकर; कॉकापू किंवा गोल्डनडूडल असे पूडलचे इतर संकर आणणाऱ्यांनाही यातले जवळजवळ सगळे लागू पडेल. वाट्या, पट्टा, बिछाना आणि खाद्य यांविषयी लिहीत नाही, कारण ते सगळेच आणतात.

स्टीलचा कंगवा आणा. दाते लांब, अर्ध्या भागात विरळ आणि अर्ध्या भागात दाट असा. बारीक वाकड्या तारांचा ब्रशही आणा, पण ब्रश म्हणजे कंगवा नव्हे. आमची पहिली लॅब्राडूडल, पिस्ता, आली तेव्हा आमच्याकडे फक्त ब्रश होता. तो आम्ही नेमाने फिरवत होतो आणि वरून ती पिंजलेल्या कापसासारखी दिसत होती. पूडलचे केस माणसाच्या केसांसारखे वाढत राहतात आणि गळालेला केस जमिनीवर न पडता शेजारच्या कुरळ्या केसांतच अडकतो. त्यामुळे जटा धरतात त्या कातडीलगत, आणि वरवर ब्रश फिरवणाऱ्याच्या हाताला त्या लागतच नाहीत. साधारण सहा महिन्यांनंतर पिल्लाचा मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचा केस येऊ लागतो, तेव्हा तर हे फार झपाट्याने होते.

ती दहा महिन्यांची असताना, ऑगस्टच्या पावसात, केस कापणाऱ्या बाईंनी तिच्या कानामागे बोट घालून पाहिले तर ते कातडीपर्यंत पोहोचेना. शेवटी मशीन कातडीला लावून सगळे उतरवावे लागले, आणि पाठीवरचे केस सुटे न पडता घोंगडीच्या तुकड्यासारखे एकसंध उलटले. काखेतली कातडी लाल आणि ओलसर झाली होती. कानामागे एक टम्म फुगलेली गोचीड होती. काखेतला तो गुंता कित्येक दिवस पावलागणिक तिची कातडी ओढत असणार, आणि आम्ही समजत होतो की पावसामुळे ती फिरायला नाखूश आहे. घरी आल्यावर दोन दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाही.

म्हणून कंगवा पिल्लाच्या आधी घरात हवा. पहिल्या दिवसापासून उकडलेल्या चिकनचा तुकडा देत दोन मिनिटे कंगवा लावा, पंजे हातात धरा, कान उचलून पाहा; गुंता झाल्यावर पहिल्यांदा कंगवा लावलात तर कंगवा म्हणजे दुखणे हेच ते शिकेल. लहान मुलीची वेणी घालताना पाडतो तसा भांग पाडावा, कातडी डोळ्यांना दिसली पाहिजे, आणि तिथपासून टोकापर्यंत विंचरावे. मग बोटभर वर दुसरा भांग. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या बेचक्यांत विसरू नका. कंगवा न अडकता मुळापासून सरकला तरच विंचरणे झाले असे धरावे. आंघोळ घालायची असेल तर आधी कंगवा, मग पाणी, कारण भिजलेली जट वाळताना आणखी आवळते.

केस गळत नाहीत, त्यामुळे ॲलर्जी होणार नाही, असे सांगून ही पिल्ले विकली जातात. त्यावर विसंबू नका. ॲलर्जी होते ती मुख्यतः लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत हा संकर केला तो हवाईतल्या एका अंध महिलेसाठी, कारण तिच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती. जन्मलेल्या तीन पिल्लांचे केस आणि लाळ तिकडे पाठवून पाहिली, तेव्हा त्या पतीला एकच पिल्लू सोसले. एकाच वेतात इतका फरक पडतो, तर घरात कुणाला दमा असेल त्यांनी आपल्याला मिळणाऱ्या त्याच पिल्लाजवळ दोन-तीनदा तास-तास बसून पाहावे. त्याच भेटीत पिल्लाची आई पाहायला मागा, आणि आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे व डोळ्यांची तपासणी झाली आहे का तेही विचारा. पूडल आणि लॅब्राडोर या दोन्ही जातींत दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार आढळतो. संकर केल्याने तो आपोआप टळत नाही. आई दाखवत नसतील तर तिथून घेऊ नका.

स्वभावाची तयारी ही घरातल्या माणसांची तयारी आहे. पूडल मुळात पाण्यातून शिकार उचलून आणणारे कुत्रे, लॅब्राडोरही तेच. दोघांची बुद्धी आणि उत्साह एकत्र आल्यावर हे गोंडस दिसणारे जनावर दिवसभर गालिच्यावर पडून राहील अशी अपेक्षा करणे चूक आहे. तळजाईच्या टेकडीवर तासभर फिरवून आणले तरी डोक्याला काम लागतेच: जुन्या चादरीच्या घड्यांत खाऊ लपवणे, वस्तू नावाने आणायला शिकवणे. माणसांचा लळा त्यांना फार असतो. पिस्ता आजही आजोबांच्या खुर्चीखाली, त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपते. पण हाच लळा एकटे राहावे लागले की भुंकण्यात आणि दार ओरबाडण्यात उतरतो, म्हणून पहिल्या आठवड्यापासून आधी दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा असे एकटे राहण्याची सवय लावा. रोज नऊ-दहा तास घर बंद राहणार असेल तर कृपा करून पिल्लू आणूच नका.

लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. तोपर्यंत रस्त्यावर चालवू नका, पण उचलून घेऊन रिक्षा, गर्दी, कुकरची शिट्टी, लांबून ढोलताशा सगळे दाखवा, कारण धीटपणा येण्याचे वय तेच आहे. लसी पूर्ण झाल्या की केस कापणाऱ्यांकडे पहिली भेट, पुढे दर सहा ते आठ आठवड्यांनी. हा खर्च आधीच धरा. दोन भेटींच्या मध्ये कंगवा रोज चालवावा लागतो.

पावसाळ्यात लोंबत्या कानांत ओल राहून वास आणि खाज सुरू होते. कान कोरडे करा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजाराची) लस विचारा. गोचीडताप जीव घेतो, गोचीड लागू नये म्हणून औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षभर. बेदाणे, मनुका, द्राक्षे, कांदा, लसूण, चॉकलेट अजिबात नाही. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा नाही, पाहुण्यांना आधी सांगा. एप्रिल-मेमध्ये फिरणे सूर्य वर येण्याआधी. महापालिकेचा परवाना. रेबीजची लस दरवर्षी. दिवाळीत आतली खोली, पडदे, पंखा.

गावाला जाताना कंगवा पिशवीत. कोकणात चार दिवस समुद्रात खेळू दिले आणि कंगवा घरी राहिला, तर वाळू आणि खाऱ्या पाण्याने काखेत पहिली जट पुण्याला परतण्याआधीच धरलेली असेल.