चार्ज शून्य म्हणजे पोटेन्शियल पण शून्य? या चुका टाळा

बारावीच्या पोरांना दरवर्षी विचारतो, पॉझिटिव्ह चार्ज दिलेल्या प्लेटजवळ न्यूट्रल धातूचा गोळा आणला, कशालाच न टेकवता, तर त्याचं पोटेन्शियल, म्हणजे जमिनीच्या तुलनेत व्होल्टेज, किती? अर्धा वर्ग एका सुरात "शून्य". का रे? "सर, चार्जच नाय ना त्याच्यावर!" इथेच मार्क जातात.

एकूण चार्ज शून्यच राहतो, मान्य, पण प्लेटकडच्या बाजूला निगेटिव्ह आणि पाठीमागे तेवढाच पॉझिटिव्ह असा तो फुटतो. आता गोळ्याच्या केंद्राशी हिशोब मांडा, हा सगळा चार्ज पृष्ठभागावर म्हणजे केंद्रापासून सारख्याच अंतरावर, त्यामुळे प्लस-मायनस कटाप. उरतं ते फक्त प्लेटचं पोटेन्शियल, आणि ते पॉझिटिव्ह. गोळा जवळ न्याल तसं वाढत जातं.

मग एखादा हुशार म्हणतो, जवळची बाजू निगेटिव्ह, तिकडे कमी असेल. नाही बाबा, तसं असतं तर इलेक्ट्रॉन पळत सुटले असते, अख्ख्या गोळ्याचं एकच.

अर्थिंग केलं, म्हणजे गोळा तारेने जमिनीला जोडला, की चार्ज शून्य होतो हे पण डोक्यातून काढा. शून्य होतं ते पोटेन्शियल, आणि त्यासाठी जमिनीतून निगेटिव्ह चार्ज गोळ्यावर चढतो.

मल्टिमीटर लावून मोजायला जाऊ नका. 10 सेमी त्रिज्येच्या गोळ्याची कपॅसिटी जेमतेम 11 पिकोफॅरड, मीटरचा रेझिस्टन्स साधारण 10 मेगाओहम, सेकंदाच्या हजाराव्या भागात मीटरमधूनच चार्ज वाहून खेळ खलास. ते चोरून केलेलं अर्थिंगच.

आणि हे अर्थिंग हाताने करून बघायचा प्रयोग आमच्या रत्नागिरीत ऑगस्टमध्ये करायचाच नाही, मी केलाय आणि पोरांसमोर हसं करून घेतलंय, लाकडी स्टूल दमट, वस्तूंवर खाऱ्या हवेचा चिकट थर, चार्ज ठेवला की निघाला. जानेवारीत करा. थर्माकोलचा कोरडा तुकडा लोकरीने चांगला घासा, त्यावर स्टीलची थाळी ठेवा, थाळीच्या मधोमध प्लास्टिकचा ग्लास मूठ म्हणून चिकटवलेला. थाळीला बोट लावा, बोट काढा, मग ग्लास धरून उचला. हा क्रम चुकवून बोट ठेवूनच उचललीत तर चार्ज आला तसा बोटातून परत. नीट उचललीत तर बोट जवळ नेल्यावर चट्ट आवाज येतो, आणि थर्माकोल परत न घासता पुन्हा पुन्हा येतो.