गंभीर गुन्ह्यात फौजदारी वकील कसा निवडायचा? कोल्हापुरातल्या कुटुंबांसाठी

घरातल्या माणसावर खुनाचा प्रयत्न, पोक्सो (बालकांवरचे लैंगिक अत्याचार), एनडीपीएस (अमली पदार्थ) किंवा ठेवीदारांच्या फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला की पावणे-मंडळी वकिलांची नावं सुचवू लागतात. त्यांतले बरेचजण जमिनीच्या वाटपात आणि खरेदीखतात मुरलेले असतात, सेशन्स केस, म्हणजे सत्र न्यायालयातला गंभीर खटला, मात्र वर्षानुवर्षं चालवलेली नसते. म्हणून नावाच्या मागे लागण्याआधी कागद गोळा करा: एफआयआरची प्रत, पोलिसांची नोटीस आली असेल तर तीही, आणि घटनेच्या दिवशी आरोपी कुठे, कोणासोबत होता याचं तारीखवार टिपण. लैंगिक आणि संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. मोबाइलमधलं काहीही पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचं वेगळं कलम लागतं. फिर्यादीला समजवायलाही कोणी जायचं नाही, मग तो सख्खा नातेवाईक का असेना. जामिनाला विरोध करताना सरकारी वकील हेच पुढे करतात.

अटक झाली असेल तर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. तेवढ्या वेळात ‘सर्वांत चांगला’ वकील शोधणं अवघड आहे. पहिल्या रिमांडला, म्हणजे कोठडीच्या सुनावणीला, उभा राहणारा आणि पुढे खटला चालवणारा वकील एकच असायला हवा असं नाही. रिमांडसाठी हाताशी असलेला फौजदारी वकील घ्या. अटकेची कारणं आरोपीला लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत दिली का, हे त्याने तपासलं पाहिजे. रिमांड रिपोर्ट वाचून पोलीस कोठडी नेमकी कशासाठी मागितली आहे यावर त्याने बोललं पाहिजे. ‘मी निर्दोष आहे’ एवढ्यावर कोठडी टळत नाही. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, पण पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही. ‘मी आत बसतो’ असं कोणी सांगितलं तर सावध व्हा.

अटक झाली नसेल तर अटकपूर्व जामिनाचा विचार ताबडतोब करावा लागतो. अर्ज साधारणपणे आधी सत्र न्यायालयात, म्हणजे कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात होतो. तालुक्याप्रमाणे इचलकरंजी किंवा गडहिंग्लजलाही जावं लागतं. तिथे नाकारला तर उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. मुंबईची वारी वाचली, पण उच्च न्यायालयातलं काम वेगळंच असतं. तिथे तोच वकील जाणार की दुसरा, हे आधी विचारून घ्या. ॲट्रॉसिटी कायद्यात अटकपूर्व जामिनाला कायद्यानेच बंदी आहे. प्रथमदर्शनी गुन्हाच होत नसेल तर न्यायालय अपवाद करतं. हा फरक न सांगता ‘करू अर्ज, मिळेल जामीन’ म्हणणारा वकील नको.

आता तपासणीचा भाग. वकिलाचं नाव किंवा सनद क्रमांक घेऊन ई-कोर्ट्सच्या जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर जा. राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून ‘ॲडव्होकेट’ या पर्यायात शोधलं की चालू आणि निकाली प्रकरणांची यादी येते. त्यात सेशन्स केस आणि स्पेशल केस (पोक्सो, एनडीपीएससारख्या विशेष कायद्यांचे खटले) किती, हे बघा. यादीत नुसते जामीन अर्ज असतील, तर हा माणूस जामिनाचा वकील आहे. तेही कौशल्यच आहे, पण उलटतपास वेगळी गोष्ट. निकाली खटल्यांपैकी दोन-तीन उघडून निकालपत्र वाचा. आरोपी सुटला एवढं पुरेसं नाही, कशामुळे सुटला ते बघा. साक्षीदार फितूर झाल्यामुळे सुटलेला खटला वकिलाच्या तयारीबद्दल फारसं सांगत नाही. उलटतपासात निघालेली विसंगती किंवा पंचनाम्यातला दोष न्यायाधीशांनी निकालात नोंदवला असेल, तर तो खरा पुरावा. यादीत नाव कमी दिसलं म्हणून लगेच फुली मारू नका. ज्येष्ठ वकिलांची प्रकरणं कधी सहकाऱ्याच्या नावावर असतात.

यापेक्षाही भरवशाचा मार्ग म्हणजे कोर्टात जाऊन बसणं. न्यायालय खुलं असतं, फक्त बलात्कार आणि पोक्सोसारखी प्रकरणं बंद दाराआड चालतात. त्या वकिलाच्या खटल्यात साक्षीदारांचा पुरावा कोणत्या तारखेला आहे हे वकिलाच्या कारकुनाला विचारा आणि सकाळी अकरापासून मागच्या बाकावर बसा. आवाज किती चढतो हे बघू नका. साक्षीदाराने कोर्टात नवी गोष्ट सांगितली, तर वकील त्याला पोलीस जबाबाकडे नेतो का? ‘ही गोष्ट जबाबात लिहिलेली नाही, याचं कारण सांगता येईल का?’ असं विचारून तो ते रेकॉर्डवर आणतो का? हीच उणीव पुढे तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत सिद्ध करून घ्यावी लागते. ते राहिलं तर आधीची सगळी मेहनत वाया. इथे बरेच नवखे वकील चुकतात. दुसरी चूक म्हणजे एक प्रश्न जास्त विचारणं. ‘अंधारात ओळखलं कसं?’ असं विचारलं की साक्षीदार ‘खांबावरचा दिवा चालू होता’ म्हणतो, आणि सरकारी पक्षाच्या पुराव्यातली फट बुजते. अनुभवी वकील हवी ती कबुली मिळाली की खाली बसतो.

भेटीत तयारी पारखायची असेल तर गुन्ह्याप्रमाणे प्रश्न विचारा. एनडीपीएस असेल तर झडती, नमुने आणि सीलबंदीची पद्धत याबद्दल, पोक्सो असेल तर पीडितेच्या वयाचा पुरावा कसा तपासणार, मारामारीत जखमांचा दाखला आणि हत्यार जुळतं का. एक प्रश्न मात्र सगळ्यांना: दोषारोपपत्राची (चार्जशीटची) मुदत कधी संपते? फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, इतर बहुतेक गुन्ह्यांत ६० दिवस. एनडीपीएसमध्ये माल व्यावसायिक प्रमाणात असेल तर मात्र १८० दिवस. मोजणी अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, तो दिवस धरून. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) एकटं असेल तर ६०, पण पोलिसांनी त्यात एजंट किंवा बँकरने केलेल्या अपहाराचं ३१६(५) जोडलं की ९०. मुदत उलटली आणि दोषारोपपत्र आलेलं नसेल तर जामीन हक्काचा. मात्र अर्ज दोषारोपपत्रापूर्वी दाखल व्हावा लागतो, एक दिवस चुकला तरी हक्क जातो. ही तारीख डायरीत लिहून ठेवणारा वकील मिळाला तर अर्धी काळजी मिटली. आणखी एक: घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर गुन्ह्याची कलमं जुन्या भारतीय दंडविधानाची, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेची. यात चाचपडणारा वकील सोडून द्या.

फी ठरवताना टप्पे पाडा: रिमांड आणि जामीन, आरोपनिश्चिती व दोषमुक्तीचा (खटला चालण्याआधीच सुटण्याचा) अर्ज, पुरावा, अंतिम युक्तिवाद. उच्च न्यायालय वेगळं. प्रत्येकाची रक्कम कागदावर घ्या. प्रमाणित प्रती, टायपिंग आणि कारकुनाचा खर्च त्यात आहे का ते स्पष्ट करा, पावती मागा. निकालावर अवलंबून फी घेणं वकिलांच्या नियमांत बसत नाही, जाहिरात करणंही नाही. ‘शंभर टक्के सोडवतो’ हे आश्वासन आणि ‘साहेबांना द्यायचे आहेत’ ही मागणी, दोन्हींपैकी काहीही ऐकू आलं की उठून या. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे.

एकाच गुन्ह्यात तीन भाऊ आरोपी असले तर एकच वकील घेऊन पैसे वाचवायचा मोह होतो. तिघांचा बचाव एकच असेल तर हरकत नाही. पण एक म्हणतो ‘मी तिथे नव्हतोच’ आणि दुसरा म्हणतो ‘मी फक्त सोडवायला गेलो’, तर हे एका वकिलाच्या तोंडी शोभत नाही. त्याने ते पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

वकील बदलायचा असेल तर पुरावा सुरू होण्यापूर्वी बदला. जुन्या वकिलाकडून ना-हरकत घ्या, सगळी फाइल ताब्यात घ्या आणि नवं वकीलपत्र द्या. आरोपी कळंब्याच्या कारागृहात असेल तर त्याची सही तुरुंग अधिकाऱ्यांच्या साक्षांकनाने होते. एकदा साक्षीदार तपासून झाला की वकील बदलला एवढ्या कारणावर न्यायालय त्याला परत बोलवत नाही.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अर्ज कारागृहातूनही करता येतो. देशभरासाठी १५१०० हा क्रमांक आहे. नेमलेल्या वकिलालाही वरचेच प्रश्न विचारा. काम होत नसेल तर प्राधिकरणाकडे लेखी तक्रार देऊन दुसरा वकील मागता येतो.