तोर्ता दि रिकोत्ता: साधा इटालियन रिकोटा केक घरी कसा करावा

इटलीतल्या घरगुती केकांना सजावटीची फारशी हौस नसते. क्रीमचे थर नाहीत, आयसिंग नाही. वरून पिठीसाखर भुरभुरली की केक तयार. असा केक झाकून कपाटावर ठेवतात आणि सकाळी दूध घातलेल्या कॉफीबरोबर त्याचा तुकडा खातात. तोर्ता दि रिकोत्ता म्हणजे रिकोटाचा केक हा त्याच घराण्यातला. तो चीजकेकसारखा दाट नसतो आणि स्पंजसारखा कोरडा, हलकाही नसतो. आतून ओलसर, मऊ, लिंबाच्या सालीच्या वासाचा हा केक दुसऱ्या दिवशी आणखी चांगला लागतो.

कृती अवघड नाही. तरीही हा केक बिघडतो, आणि दहापैकी आठ वेळा त्याचं कारण एकच असतं: रिकोटातलं पाणी. म्हणून सुरुवात रिकोटापासून करू.

रिकोटा म्हणजे काय, आणि पनीरपेक्षा वेगळा कसा

रिकोत्ता या इटालियन शब्दाचा अर्थ ‘पुन्हा शिजवलेलं’. चीज करताना दूध कोमट असतानाच त्यात रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विकर, घालून ते घट्ट करतात. दुधातलं केसीन हे प्रथिन चीजमध्ये जातं आणि मागे हिरवट-पिवळं पाणी उरतं. या पाण्यात दुसरी प्रथिनं विरघळलेली असतात. पाणी ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवलं की ती गोठतात आणि मऊ ढगांसारखी वर तरंगतात. ती गाळून घेतली की रिकोटा झाला. रोमच्या आसपास तो मेंढीच्या दुधाचा करतात; तिथल्या रिकोत्ता रोमानाला २००५ सालापासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. नेपल्सकडे म्हशीच्या दुधाचाही रिकोटा होतो. आपल्याकडे दुकानात मिळतो तो बहुतेक गाईच्या दुधाचा.

पनीर केल्यावर उरलेलं पाणी उकळून रिकोटा मिळेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. तो मिळत नाही. पनीरसाठी आपण दूध आधी उकळतो, आणि त्या उष्णतेत पाण्यातली ही प्रथिनं केसीनला चिकटून पनीरमध्येच जातात. उरलेल्या पाण्यात गोठण्यासारखं फारसं काही राहत नाही. म्हणून घरी करायचा असेल तर अख्ख्या दुधाचाच करावा. शास्त्रशुद्ध अर्थाने तो रिकोटा नसला, तरी केकमध्ये उत्तम काम करतो.

दीड लिटर गाईचं सायीसकट दूध जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर तापवा. तळाला लागू नये म्हणून अधूनमधून ढवळा. कडेला बारीक बुडबुडे आले, वाफ निघू लागली, पण उकळी फुटली नाही, की गॅस बंद करा. पाव चमचा मीठ घाला. ३ मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून दुधात सगळीकडे पसरेल असा ओता, दोन-तीनदाच हळूच ढवळा आणि हात थांबवा. जास्त ढवळलं की गोळे लहान आणि रबरासारखे होतात. झाकण ठेवून १० मिनिटं थांबा. पाणी दुधाळच राहिलं तर आणखी अर्धा चमचा रस घाला. मग ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळा. पनीरसारखं पिळू नका, वजन ठेवू नका, लिंबाचा वास काढायला धुऊही नका. फडकं चाळणीवर २०-२५ मिनिटं नुसतं निथळू द्या. साधारण ३०० ग्रॅम मिळतो. म्हशीच्या दुधाचा जास्त निघतो आणि तो अधिक स्निग्ध असतो.

विकतचा रिकोटा आणलात तर डबा उघडून थेट भांड्यात ओतू नका. फडकं घातलेल्या चाळणीत, खाली वाटी ठेवून, फ्रिजमध्ये निदान २ तास निथळा. रात्रभर ठेवलात तर उत्तम. २५० ग्रॅमच्या डब्यातून कधीकधी तीन-चार चमचे पाणी निघतं. ते केकमध्ये गेलं की तळाला चिकट थर बसतो. निथळलेला रिकोटा चमच्यावर उलटा धरला तरी पडू नये, पण बोटाने सहज पसरावा. फार कोरडा, चुरचुरीत झाला तर एक-दोन चमचे साय किंवा दूध घालून मऊ करा.

चक्का चालेल का, हा प्रश्न येतोच. केक होईल, पण चव आंबट आणि पोत वेगळा, म्हणून त्याला रिकोटा केक म्हणता येणार नाही. मळलेलं, दाबलेलं पनीर तर नकोच. ते कितीही वाटलं तरी रवाळ राहतं.

साहित्य

२२ सेंटिमीटर व्यासाच्या गोल टिनसाठी:

- निथळलेला रिकोटा: २५० ग्रॅम, निथळल्यानंतर मोजलेला
- मैदा: २०० ग्रॅम
- साखर: १७० ग्रॅम
- बिनमिठाचं लोणी: ११० ग्रॅम
- अंडी: ३, फोडल्यावर एकूण सुमारे १५० ग्रॅम
- बेकिंग पावडर: ८ ग्रॅम, म्हणजे २ सपाट लहान चमचे
- मीठ: पाव लहान चमचा, रिकोट्यात आधीच मीठ असेल तर चिमूटभर
- लिंबाची किसलेली साल: २ कागदी लिंबांची
- व्हॅनिला इसेन्स: १ लहान चमचा, हवा असल्यास
- वरून भुरभुरायला पिठीसाखर

२० सेंटिमीटरचा टिनही चालतो. केक उंच होतो आणि ५ ते ८ मिनिटं जास्त लागतात. वजनकाटा वापराच. वाटीत मैदा दाबून भरला की सैल भरला, यावर ३०-४० ग्रॅमचा फरक सहज पडतो.

इटलीत यासाठी बारीक दळलेलं, ‘००’ अशी खूण असलेलं पीठ वापरतात. आपला मैदा त्याच्या बराच जवळ आहे. आपली साखर मात्र जाड दाण्याची असते. ती मिक्सरमध्ये दोन-तीनदा फिरवून बारीक रव्याइतकी करा. पूर्ण पिठी करू नका, कारण लोण्यात हवा कोंडायला साखरेचे दाणेच लागतात. अंडी लहान असतील तर फोडून वजन करा आणि कमी पडलं तर चौथ्या अंड्यातून भरून काढा. घरी घुसळलेल्या लोण्यात पाणी जास्त असतं. तेच वापरायचं असेल तर थंड पाण्यात धुऊन, हाताने दाबून पाणी काढा.

बेकिंग पावडरऐवजी सोडा घालू नका. सोड्याला काम करायला आंबटपणा लागतो आणि रिकोट्यात तो फारच कमी असतो. सोडा तसाच उरतो आणि केकला साबणासारखी चव येते.

लिंबाची साल हा या केकचा प्राण. इटलीतली लिंबं मोठी, जाड सालीची असतात, एक पुरतं. कागदी लिंबाची साल पातळ, म्हणून दोन घ्या आणि बारीक किसणीवर फक्त वरचा रंगीत थर किसा. खालचा पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. ईडलिंबू मिळालं तर त्याची जाड, सुवासिक साल छान लागते. किसलेली साल आधी साखरेत बोटांनी चोळून घ्या; साखरेचे दाणे सालीतलं तेल सोडवतात आणि साखर ओलसर, सुगंधी होते.

पीठ तयार करणं

तासभर आधी लोणी, अंडी आणि रिकोटा फ्रिजबाहेर काढून ठेवा. लोणी किती मऊ हवं? बोट दाबल्यावर खळगा पडावा, पण वर तेलकट चकाकी दिसू नये. एप्रिल-मेमध्ये आपल्या स्वयंपाकघरात तासभर फार होतो, तेव्हा १५ मिनिटांनीच बघा. वितळलेलं लोणी हवा धरत नाही आणि मग केक बसका होतो.

टिनच्या तळाला बटर पेपर लावा. कडांना लोणी चोळून मैदा भुरभुरा आणि जास्तीचा झटकून टाका. ओव्हन १७० अंश सेल्सिअसवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून, १५ मिनिटं तापवायला लावा.

मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र दोनदा चाळा. रिकोटा पुरण गाळायच्या चाळणीतून किंवा बारीक गाळणीतून चमच्याने दाबून काढा. ही पायरी टाळावीशी वाटते, पण टाळली तर केकमध्ये पांढऱ्या गुठळ्या दिसतात.

लोणी आणि लिंबाची साखर हँड मिक्सरने ४ ते ५ मिनिटं फेटा. रंग फिका होऊन मिश्रण फुललं पाहिजे. हाताने फेटत असाल तर १० मिनिटं तरी धरा. अंडी एकेक करून घाला आणि प्रत्येक वेळी पूर्ण एकजीव होऊ द्या. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर अंडी गार होती असं समजा. चाळलेल्या मैद्यातला एक मोठा चमचा घालून फेटा, सावरतं. आता रिकोटा आणि व्हॅनिला घालून कमी वेगावर अर्धा मिनिट फिरवा. इथे मिश्रण थोडं दाणेदार दिसेल, ते ठीक आहे.

मैदा दोन भागांत घाला आणि आता मिक्सर बाजूला ठेवा. उलथन्याने तळापासून वर घेत, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच मिसळा. पुढे जितकं फेटाल तितकं मैद्यातलं ग्लुटेन हे चिवट प्रथिन ताणलं जातं आणि केक चिवट होतो. पीठ इडलीच्या पिठापेक्षा घट्ट हवं: चमचा तिरका केल्यावर ओघळू नये, जड गोळ्याने पडावं. पातळ वाटलं तर रिकोट्यात पाणी राहिलं होतं; अशा वेळी १५-२० ग्रॅम मैदा वाढवता येतो.

टिनमध्ये ओतून वरचा भाग सपाट करा. टिन ओट्यावर एकदाच हलका आपटा.

भाजणं

टिन अशा जाळीवर ठेवा की केकचा मध्य ओव्हनच्या मध्याशी येईल. लहान ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो, म्हणून एक खण खाली ठेवावा लागतो. पंखा चालू असेल किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर तापमान १६० ठेवा. वेळ ४० ते ४५ मिनिटं. पहिली ३० मिनिटं दार उघडू नका. त्यानंतर वरचा भाग फार तांबूस दिसला तर फॉइलचा तुकडा नुसता वर ठेवा.

केक झाला की कडा टिनपासून किंचित सुटतात आणि मधोमध हलकं दाबलं तर भाग परत वर येतो. सळई खुपसून बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: या केकमधून ती अगदी कोरडी निघत नाही. चिकटलेले एक-दोन ओलसर कण चालतात. ओलं, चकाकणारं पीठ लागलं तर आणखी ५ मिनिटं द्या. सळई पूर्ण कोरडी व्हायची वाट बघितली तर केक कोरडा पडतो. अन्नाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ अंशांच्या आसपास तापमान आलं की काढा.

बाहेर काढल्यावर १५ मिनिटं टिनमध्येच राहू द्या. गरम असताना हा केक नाजूक असतो, घाईने उलटला की मोडतो. मग सुरी कडेने फिरवून जाळीवर काढा आणि निदान २ तास गार होऊ द्या. रिकोट्याने धरून ठेवलेला ओलावा गार होताना सगळीकडे सारखा बसतो. गरम कापला तर मध्य कच्चा वाटतो, मग भाजण्यात काही चूक नसली तरी. पिठीसाखरही पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर ती विरघळून चिकट डाग उरतात.

काय बिघडतं आणि का

मधे खचला: दार लवकर उघडलं, बेकिंग पावडर जास्त पडली किंवा केक लवकर काढला. कडा नीट आणि मध्य कच्चा असेल तर ओव्हन सांगतो त्यापेक्षा गरम आहे. पुढच्या वेळी १६० अंशांवर ५० मिनिटं ठेवा.

तळाशी दाट, ओला, बर्फीसारखा थर आला: रिकोटा निथळला नव्हता, नाहीतर लोणी वितळून वेगळं झालं होतं.

वर चीर पडली: एकच उथळ चीर स्वाभाविक आहे, पिठीसाखरेखाली दिसतही नाही. ज्वालामुखीसारखा फुटला तर वरची आच जास्त होती किंवा टिन लहान होता.

चव सपक लागली: मीठ विसरलं असणार. रिकोटा स्वतः फारच सौम्य असतो. चिमूटभर मिठाशिवाय त्याचा दुधाळ गोडवा पुढे येत नाही.

या केकमधली अंडी काढून दही घातलं की काम झालं, असं नाही. उभारी आणि बांधणी दोन्ही अंडी देतात. बिनअंड्याचा रिकोटा केक करायचा तर प्रमाणं मुळापासून बदलावी लागतात.

बदल

इटलीत सगळ्यात लाडकी भर चॉकलेटची: ८० ते १०० ग्रॅम गडद चॉकलेट हरभऱ्याच्या डाळीएवढं चिरा, चमचाभर मैद्यात घोळवा, म्हणजे तळाला बसत नाही, आणि शेवटी मिसळा. रोमच्या जुन्या ज्यू वस्तीत रिकोटाबरोबर आंबट चेरी घालून टार्ट करतात. तीच जोडी इथे आणायची तर आंबट चेरीचा जॅम ३-४ चमचे पिठावर ठिकठिकाणी टाकून सुरीने एकदा फिरवा. पेअरही चालतं, पण फोडी आधी चमचाभर साखरेबरोबर तव्यावर परतून पाणी आटवा. ताजी, रसाळ फळं तशीच घातली तर निथळण्याची सगळी मेहनत वाया जाते.

टिकवणं

रिकोट्यामुळे हा केक इतर लोणी-केकांपेक्षा लवकर बिघडतो. गार, कोरड्या हवेत झाकून दीड दिवस बाहेर राहील. पावसाळ्यात किंवा मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याच संध्याकाळी हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. तिथे ४ दिवस चांगला राहतो. गार असताना लोणी घट्ट होऊन केक दडस वाटतो, म्हणून खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. महिनाभर ठेवायचा असेल तर पिठीसाखर न घालता तुकडे करा, प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळा आणि फ्रीजरमध्ये ठेवा; लागेल तेव्हा रात्री एक तुकडा काढून फ्रिजमध्ये ठेवला की सकाळच्या कॉफीपर्यंत तयार होतो.