दाट केसांचा मोठा कुत्रा सह्याद्रीत नेताना: सामान कसं निवडायचं

जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: वर लांब राठ केस आणि खाली लोकरीसारखा मऊ थर. कुत्र्यांचं ट्रेकिंगचं बरंचसं सामान थंड प्रदेश डोळ्यांपुढे ठेवून बेतलेलं असतं. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी कातळ तापतो. त्यामुळे दुकानात कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी एवढंच बघा, की ती घातल्यावर कुत्र्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट राहते का.

आधी हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती आणि पाठीवर बसणारा पट्ट्यांचा साज. गळपट्ट्याला दोरी अडकवली तर चढउतारावरचा प्रत्येक हिसका घशावर बसतो, म्हणून गळपट्टा फक्त फोन नंबरच्या बिल्ल्यापुरता ठेवा. हार्नेस समोरून इंग्रजी वाय आकाराचा हवा. छातीवर आडवा पट्टा असलेला प्रकार खांद्याच्या हालचालीला आडवा येतो आणि चढताना पाऊल आखूड पडतं.

माप घेताना बहुतेकांची चूक होते. टेप केसांवरून गुंडाळली की घेर फुगवून येतो. पुढच्या पायांच्या मागे, छाती सगळ्यात रुंद असते तिथे, केस बोटांनी फाकवून टेप कातडीला टेकवा आणि मग वाचा. हार्नेस घातल्यावरही पट्ट्याखालून दोन बोटं घालताना ती केसांच्या खाली, कातडीपर्यंत गेली पाहिजेत. यामागचं कारण ओढ्यावर कळतं. कुत्रा पाण्यात बसून उठला की फुगलेले केस चपटे होतात आणि सकाळी घट्ट वाटलेला हार्नेस लोंबायला लागतो. अशात कुत्रा घाबरून मागे सरकला, डोकं खाली घातलं, की पुढचे दोन्ही पाय सुटून मोकळा! यावर उपाय म्हणजे बरगड्यांच्या मागे, कमरेच्या बारीक भागावर तिसरा पट्टा असलेला हार्नेस. पाठीवरचं हँडल मुख्य पट्ट्यांना शिवलेलं आहे ना, तेही पाहा. नुसत्या फोमला शिवलेलं असेल तर ते उसवतं. हँडल कातळटप्प्यावर आधार द्यायला असतं. पस्तीस किलोचा कुत्रा त्यावर अधांतरी लटकवायचा नाही.

आतलं अस्तर जाळीचं किंवा लोकरी नको. त्यात कुसळं रुततात आणि काखेतल्या केसांच्या गाठी होतात. गुळगुळीत पट्टी बरी.

दोरी 1.8 ते 2 मीटरची, चपटी, 20 ते 25 मिलिमीटर रुंद. आपोआप गुंडाळणारी दोरी झुडपात अडकते, शिवाय मोठ्या कुत्र्याच्या झटक्याला तिचा भरवसा नाही. कमरेला बांधायचा पट्टा सपाट वाटेपुरता ठीक. उतारावर आणि कड्याजवळ तो सोडून दोरी हातात घ्या.

बूट घ्यायचे तर पंजा कागदावर ठेवून त्याच पायावर भार द्या, म्हणजे तो पसरेल, आणि मग रुंदी आखा. मागचे पंजे बहुधा लहान असतात, तेव्हा चारही एकाच मापाचे घेऊ नका. बोटांमधले वाढलेले केस आधी तळव्याच्या गादीच्या पातळीला कापा, नाहीतर पाऊल बुटात घसरतं. निदान दोन आठवडे घरात आणि अंगणात सवय करा. कुत्र्याला घाम तळव्यांनाच येतो. ते झाकून ठेवले तर आत ओल साचते आणि कातडी सोलते. दर तासाला बूट काढून पंजे कोरडे करा. खरं सांगायचं तर, गाद्या धडधाकट असतील आणि वाट सकाळची असेल तर बुटांचा एक जोड जखमेपुरता सोबत असला तरी पुरतं. कातळावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवणार नाही.

थंडावा देणारं जॅकेट कोरड्या हवेत काम करतं, कारण ते पाणी वाफ होण्यावर चालतं. दमट हवेत ते नुसतं ओलं ओझं होतं, आणि दाट केसांमुळे गारवा कातडीपर्यंत पोचतही नाही. त्यापेक्षा पोट, जांघा आणि पंजे भिजवा. उन्हाळ्याच्या नावाखाली अंग भादरून घेऊ नका: हे केस उन्हापासूनही जपतात, आणि पुन्हा सारखे उगवतीलच असं नाही.

पाठीवरची बॅग दिसते छान, पण ती पाठ आणि बरगड्या झाकते. घालायचीच तर थंडीतल्या पहाटे, वजन शरीराच्या दहा टक्क्यांच्या आत आणि दोन्ही बाजूंना सारखं. एका बाजूची बाटली रिकामी झाली की बॅग कलते आणि पट्टा काख घासतो. पाणी तुम्हीच उचला. अर्ध्या दिवसाला निदान दोन ते तीन लिटर त्याच्यासाठी वेगळं, सोबत घडीचं भांडं, आणि दर वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा. गडावरच्या टाक्यातलं साचलेलं पाणी पाजू नका. अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची लस वेळेवर असू द्या.

पावसाळ्यानंतरच्या ट्रेकला गोचीड आणि कुसळं ठरलेली. गोचिडाचं औषध पशुवैद्याला विचारून आधीच द्या. पिशवीत धातूचा बारीक कंगवा, टोकदार चिमटा, बँडेज आणि थर्मामीटर हवा. कुत्र्याचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. चालून ते थोडं चढतं, पण 40 च्या वर जाऊन सावलीतही उतरत नसेल तर ट्रेक तिथेच संपला. 41 म्हणजे उष्माघात: अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि थंड करत करतच डॉक्टरकडे न्या. अशा वेळी तोंड बांधायचं नाही, कारण धापेवाटेच तो थंड होत असतो.

खाली आणायची वेळ आली तर जाड चादर लागते आणि चार हात लागतात. म्हणून मोठ्या कुत्र्यासोबत एकट्याने जाऊ नका. लोखंडी शिड्यांच्या वाटा वगळा. हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर अभयारण्यात येतात, तिथे कुत्रा नेण्याचा बेत करू नका.

गाडीत बसवण्याआधी त्याला कुशीवर निजवा. प्रत्येक बोट फाकवून मधल्या फटीत पाहा, मग कानाच्या आत, काखेत, शेपटीखाली. कुसळाचं टोक कातडीत घुसलेलं असेल तर केस ओले करून बाजूला सारा, चिमट्याने मुळाशी धरा आणि ज्या दिशेने शिरलं त्याच रेषेत सरळ मागे ओढा. तुकडा आत राहिला, किंवा कुत्रा डोकं झाडतच राहिला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता पशुवैद्याकडे जा.