डोंगरातल्या पुरात संपर्क तुटतो तेव्हा : ब्लू रिजमधील मराठी कुटुंबांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी

२६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पेरी या गावाजवळ धडकले. तेथून सहाशे किलोमीटरहून अधिक उत्तरेला, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर असलेल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या ब्लू रिज डोंगररांगेतील ॲशव्हिल शहराला ते किनाऱ्यावरचे संकट वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात ॲशव्हिलजवळ फ्रेंच ब्रॉड नदी २४.६७ फुटांवर पोहोचली आणि जुलै १९१६ च्या महापुरातील २३.१ फुटांचा उच्चांक मागे पडला. स्वानानोआ नदीने काठच्या वस्त्या धुऊन नेल्या, चिमनी रॉक गावाचा मोठा भाग वाहून गेला, आणि एकट्या नॉर्थ कॅरोलायनात शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याच वेळी राज्याच्या पश्चिम भागातील सुमारे तीन-चतुर्थांश मोबाईल टॉवर बंद पडले. हवामानाच्या नोंदी सांभाळणारे अमेरिकेचे राष्ट्रीय केंद्र ॲशव्हिलमध्येच आहे. त्याच्या सेवाही ठप्प झाल्या.

शार्लट, रॅली किंवा अटलांटा येथून पानगळीचे रंग पाहण्यासाठी या डोंगरांत केबिन घेऊन राहणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि काही तेथे कायमची स्थायिक झाली आहेत. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे, तसेच पुण्यात किंवा कोल्हापुरात फोन हातात घेऊन बसलेल्या त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे. संपर्काविना चालेल असा बेत पाऊस सुरू होण्याआधी ठरलेला असला पाहिजे, कारण पाऊस सुरू झाल्यावर तो ठरवण्याचे साधनच उरत नाही.

संपर्क का तुटतो

डोंगराळ भागात रस्ता, विजेच्या तारा, फायबरची केबल आणि नदी ही चारही एकाच चिंचोळ्या खोऱ्यातून जातात, कारण जायला दुसरी सपाट जागा नसते. नदीने काठ खाल्ला की रस्ता खचतो, पूल जातो आणि पुलाला बांधलेली केबलही त्याच्याबरोबर जाते. पिजन नदीच्या घळीतील आय-४० महामार्गाचा भाग असाच कोसळला आणि मार्च २०२५ मध्ये प्रत्येक दिशेला एक मार्गिका एवढाच सुरू होऊ शकला. टॉवर उंचावर असल्यामुळे स्वतः वाचतो. वीज गेल्यावर तो काही तास बॅटरीवर आणि जनरेटर असल्यास डिझेल पुरेल तोवर चालतो. परंतु त्याला पुढच्या जाळ्याशी जोडणारी केबल तुटली असेल, तर फोनवर रेंजच्या दांड्या दिसत असूनही एकही संदेश बाहेर पडत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा फोन लावत राहिल्याने बॅटरी संपते, दुसरे काहीही साधत नाही. रस्ता आणि संपर्क एकदमच गेला की काय होते, हे दरडीखाली गाडल्या गेलेल्या महाड तालुक्यातील तळिये गावाने जुलै २०२१ मध्ये आपल्याला दाखवले आहे.

पाऊस सुरू होण्याआधी

पहिला निर्णय तेथून निघण्याचा असतो, आणि तो वादळ किनाऱ्याला लागण्यापूर्वीच घ्यावा लागतो. हेलीनचा गाभा पोहोचण्याच्या आधीच, २५ सप्टेंबरपासून, या डोंगरांवर जोरदार पाऊस पडत होता. समुद्रावरची ओलसर हवा उतारावर चढत होती, जमीन पाण्याने भरली होती, आणि त्यावर २७ तारखेला प्रत्यक्ष वादळाचा पाऊस आला. यान्सी काउंटीतील ब्युसिक येथे या काळात एकंदर ३०.७८ इंच, म्हणजे सुमारे ७८० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणूनच वादळाचा मार्ग दाखवणाऱ्या नकाशापेक्षा राष्ट्रीय हवामान सेवेच्या स्थानिक कार्यालयाचा पावसाचा आणि दरडींचा इशारा अधिक महत्त्वाचा मानावा. ओढ्याच्या काठी, घळीच्या तोंडाशी किंवा एकाच पुलाने जोडलेल्या केबिनचे आरक्षण असेल, तर ते रद्द करावे. भरलेले पैसे बुडाले तरी हरकत नाही.

राहणे भागच असेल, तर घरातील प्रत्येकाच्या खिशात एक कागद असावा. फोनच्या बॅटरीशी त्याचा संबंध नसावा, आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. त्यावर चार गोष्टी लिहाव्यात : अमेरिकेतच, पण दूरच्या राज्यात राहणाऱ्या एका नातेवाइकाचा वा मित्राचा क्रमांक; घर सोडावे लागल्यास भेटण्याची पहिली आणि दुसरी जागा, दोन्ही पाण्यापासून उंच आणि पूल न ओलांडता पोहोचता येतील अशा; राहत्या जागेचे अक्षांश-रेखांश; आणि घरातल्यांची औषधे व त्यांची मात्रा. डोंगरातल्या खासगी वाटांवर घरक्रमांक सापडत नाहीत, आणि पाटी वाहून गेल्यावर तर मुळीच नाहीत. अक्षांश-रेखांशांवरून मात्र बचावपथक थेट पोहोचू शकते. फोनचे जीपीएस रेंज नसतानाही चालते, त्यामुळे हे आकडे आधी पाहून लिहून ठेवणे सोपे आहे. परिसराचा नकाशाही फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा.

दूरच्या राज्यातील संपर्कव्यक्तीचे कारण असे की, खोऱ्यातून खोऱ्यात फोन लागत नसताना टेक्सासला किंवा न्यू जर्सीला एखादा संदेश निसटून जाण्याची शक्यता बरीच जास्त असते. घरातले सगळे त्या एकाच व्यक्तीला कळवतील आणि ती व्यक्ती भारतात कळवील, असे ठरवावे. आपली कुटुंबे व्हॉट्सॲपवर चालतात. पण व्हॉट्सॲपला इंटरनेट लागते, साध्या एसएमएसला लागत नाही, आणि रेंज क्षणभर आली तरी तो जातो. येथे मराठी माणसाने एक बारकावा ध्यानात ठेवावा. एसएमएसच्या एका तुकड्यात रोमन अक्षरे १६० मावतात, तर देवनागरीत ७०, आणि त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजले जातात. ‘आम्ही चौघे सुखरूप. शाळेच्या निवाऱ्यात. रस्ता बंद. उद्या सकाळी १० वाजता पुन्हा.’ एवढासा मजकूरसुद्धा देवनागरीत दोन तुकड्यांत जातो, आणि त्यातला एक तुकडा अडकला तर संपूर्ण संदेश पोहोचत नाही. हाच मजकूर रोमन लिपीत एका तुकड्यात बसतो. मराठीवरचे प्रेम अशा वेळी बाजूला ठेवून रोमन अक्षरे वापरावीत. संदेशात कोण, कोठे, कसे आणि पुन्हा केव्हा कळवणार, हे चारही असावे. त्यातले ‘पुन्हा केव्हा’ वगळले, की पलीकडचा माणूस दर दहा मिनिटांनी फोन लावू लागतो.

उपग्रह आणि रेडिओ

आयफोन १४ आणि त्यानंतरच्या फोनांवर आयओएस १८ असल्यास मोकळ्या आकाशाखाली उपग्रहाद्वारे मजकूर पाठवता येतो. ही सोय हेलीनच्या जेमतेम दहा दिवस आधी आली होती, आणि टॉवर बंद असताना अनेकांना तिचा आधार झाला. मात्र दाट झाडीत किंवा अरुंद घळीत उपग्रह सापडायला वेळ लागतो, म्हणून फोनमधील सरावाची सोय वापरून घराजवळ कोणत्या जागी आकाश पुरेसे उघडे आहे, हे आधीच पाहून ठेवावे. वेगळे उपग्रह संदेशयंत्र घेतल्यास त्याची वर्गणी चालू आहे ना, याची वादळाच्या ऋतूत खात्री करावी. भारतात सुट्टीला येताना मात्र असे यंत्र बरोबर आणू नये. परवानगीशिवाय ते बाळगणे येथे गुन्हा आहे आणि विमानतळावर अडवले जाऊ शकते.

बॅटरीवर चालणारा रेडिओ या सगळ्यांपेक्षा स्वस्त आणि भरवशाचा आहे. हेलीनच्या दिवसांत ब्लू रिज पब्लिक रेडिओ आणि ५७० एएमवरील डब्ल्यूडब्ल्यूएनसी यांनी पाणी कोठे मिळेल, कोणता रस्ता उघडला, निवारा कोठे आहे, हे लोकांना सांगितले. इतर काहीच चालत नसताना कित्येकांनी गाडीतल्या रेडिओवर ते ऐकले. एनओएए या अमेरिकी सरकारी हवामान संस्थेच्या हवामान रेडिओचे प्रसारण १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झच्या सात वाहिन्यांवर असते. तो पकडणारा आणि इशारा येताच आपोआप वाजणारा संच घरी असावा, कारण सगळ्यांचे फोन मुके झालेले असताना मध्यरात्री जागे करणारे दुसरे काहीही नसते.

बोलण्यासाठी रेडिओ हवा असेल, तर एफआरएस प्रकारच्या साध्या वॉकी-टॉकीला परवाना लागत नाही; पण मध्ये डोंगरधार आली की तिचा आवाज पोहोचत नाही. जीएमआरएस या अधिक ताकदीच्या वॉकी-टॉकीचा परवाना ३५ डॉलरमध्ये दहा वर्षांसाठी मिळतो, त्याला परीक्षा नाही, आणि त्यात जवळचे कुटुंबीय सामावतात. हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याच्या पहिल्या पायरीसाठी ३५ प्रश्नांची परीक्षा असते आणि २६ उत्तरे बरोबर यावी लागतात. यांपैकी कशासाठीही अमेरिकेचे नागरिकत्व लागत नाही, त्यामुळे कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असलेल्यांनीही संकोच करू नये. माउंट मिचेल हे २,०३७ मीटर उंचीचे मिसिसिपीच्या पूर्वेकडील सर्वोच्च शिखर आहे. तेथील १४५.१९० मेगाहर्ट्झवरचा रिपीटर, म्हणजे आलेला संदेश पुढे दूरवर प्रक्षेपित करणारा संच, वादळानंतर चालू राहिला, आणि हौशी रेडिओचालकांनी कित्येक दिवस त्यावरून बचावाच्या मागण्या आणि खुशालीचे निरोप पुढे पोहोचवले. नुसते ऐकायला परवाना लागत नाही, आणि ऐकण्यातूनही पुष्कळ कळते.

पाणी चढू लागल्यावर

या टप्प्यावर निरोप पाठवत बसू नये. आधी उंचावर जावे. सहा इंच वाहते पाणी माणसाला पाडू शकते आणि बारा इंच पाणी लहान गाडी वाहून नेऊ शकते. शिवाय पाण्याखालचा रस्ता उरला आहे की नाही, हे गाडीतून दिसत नाही. डोंगरात आणखी एक धोका दरडींचा असतो, आणि हेलीनमध्ये अशा सुमारे दोन हजार दरडी नोंदल्या गेल्या. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा पाऊस चालू असूनही एकदम कमी झाले, झाडे मोडल्याचा आवाज येऊ लागला, वरून घरघर ऐकू आली, तर वर कोठेतरी माती सुटली आहे असे समजून लगेच बाहेर पडावे. घळीच्या दिशेने खाली पळू नये. तिच्या प्रवाहाला आडवे, बाजूच्या उंच भागावर जावे. ९११ या अमेरिकेच्या आणीबाणीच्या क्रमांकाला कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून फोन लागू शकतो, त्यामुळे आपल्या कंपनीची रेंज नसली तरी एकदा प्रयत्न करावा. फोन लागला नाही तर तोच निरोप ९११ ला एसएमएसने पाठवावा, त्यात अक्षांश-रेखांश आणि माणसांची संख्या द्यावी.

पहिले काही दिवस

फोन विमान-स्थितीत ठेवावा आणि ठरलेल्या वेळी, उदाहरणार्थ सकाळी दहा आणि दुपारी चार वाजता, दहा मिनिटांसाठी उघडावा. घरात चार फोन असतील, तर एका वेळी एकच चालू ठेवावा. गाडीत फोन चार्ज करायचा असल्यास गाडी उघड्यावर आणावी, बंद गॅरेजमध्ये सुरू करू नये. जनरेटरही घरापासून किमान वीस फूट दूर ठेवावा, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आपल्या सेवेची रेंज नसल्यास फोनमध्ये रोमिंग चालू ठेवावे. मोठ्या आपत्तीत कंपन्यांना एकमेकींच्या ग्राहकांना सामावून घ्यावे लागते.

पाण्याची तजवीज माणशी दररोज चार लिटर या हिशेबाने, आणि जमल्यास दोन आठवड्यांची करावी. ॲशव्हिलच्या नळांना पुन्हा पिण्याजोगे पाणी १८ नोव्हेंबरला, म्हणजे ५३ दिवसांनी आले.

शेजाऱ्यांना भेटावे. ही औपचारिकता नव्हे, हेच संपर्काचे जाळे असते. कोणाकडे करवत आहे, कोणाकडे उपग्रह इंटरनेट आहे, कोण परिचारिका आहे, कोणाला इन्सुलिन लागते, हे पहिल्याच दिवशी एका वहीत लिहावे आणि जो पायी खाली उतरेल त्याच्याकडे सर्वांचे निरोप द्यावेत. अग्निशमन केंद्र, ग्रंथालय, चर्च, शाळा अशा ठिकाणी सूचनाफलक लावले जातात, तेथे आपले नाव आणि तारीख-वेळ घालून चिठ्ठी डकवावी. घर सोडल्यास दारावरही तशीच चिठ्ठी असावी : किती जण, कोठे गेले, केव्हा. रिकामे घर तपासण्यात बचावपथकाचे तास जातात, आणि वर खेचरांच्या पाठीवरून सामान पोहोचवावे लागत असताना तो वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी जिवाचा असतो.

भारतातील नातेवाइकांसाठी

सप्टेंबरमध्ये भारतीय वेळ तेथील वेळेच्या साडेनऊ तास पुढे असते. तेथील सकाळी दहाचा ठरलेला निरोप आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला येईल. त्याआधी फोन लावत राहिल्याने समोरच्याची बॅटरी आणि मोडकळीला आलेल्या टॉवरची क्षमता दोन्ही खर्च होतात. एक संदेश पाठवून थांबावे आणि अमेरिकेतल्या संपर्कव्यक्तीशी बोलावे. ठरलेल्या दोन वेळा निरोप न येता गेल्या, तर त्या व्यक्तीने नॉर्थ कॅरोलायनाच्या २११ या मदत-माहितीच्या दूरध्वनी सेवेकडे किंवा काउंटीच्या बेपत्ता व्यक्तींच्या नोंदणीकडे माहिती द्यावी. हा लघुक्रमांक भारतातून लागत नाही, म्हणून नोंद एकाच माणसाने, तिथूनच करावी. पूर्ण नाव पासपोर्टवर आहे तसे, जन्मतारीख, शेवटचे ठिकाण, गाडीचा क्रमांक आणि प्रकृतीविषयी आवश्यक माहिती सांगावी. एकाच माणसासाठी पाच नातेवाइकांनी पाच नोंदी केल्या, तर शोधणाऱ्यांसमोर पाच बेपत्ता माणसे उभी राहतात.

खात्री नसलेली चित्रफीत किंवा बातमी कुटुंबाच्या गटात पुढे पाठवू नये. हेलीननंतर मदतीविषयी इतक्या खोट्या बातम्या पसरल्या की धमक्यांमुळे ऑक्टोबरमध्ये फेमा या अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या कर्मचाऱ्यांना काही भागांतले घरोघरी जाण्याचे काम तात्पुरते थांबवावे लागले. माणूस सुखरूप असल्याचे कळताच बेपत्ता म्हणून केलेली नोंद त्याच दिवशी रद्द करून घ्यावी.