व्हिसा पेन्सिलने, परीक्षा पेनने

"काय पावणं, कधी निघायचं मग?"

विट्याच्या स्टँडवर उतरलं की हा प्रश्न ठरलेला. आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. जत्रेला, लग्नाला गावी यायचं आणि परत जायचं, ही इथली रीत. बाहेर कमावणारा माणूस चार महिन्यांहून जास्त गावात दिसला, की लोक विचारतात. त्यात वाईट हेतू नसतो, पण ज्याला उत्तर माहीत नाही त्याला तो प्रश्न दिवसभर टोचतो.

मी ओमानमध्ये सोहारला स्टोअरकीपर होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या बायपाससाठी दोन महिन्यांची रजा काढून आलो. मिरजेला ऑपरेशन झालं. पण पुढं जखम चिघळली, पुन्हा भरती करावं लागलं, आणि बघता बघता ऑगस्ट संपला. ओमानबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलं की रेसिडन्सी, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना जातो. हे मी ऐकून होतो, पण दिवस मोजले नव्हते. तेव्हापासून नवा व्हिसा 'पुढच्या महिन्यात' येतोय.

या सगळ्यात माझं बी.कॉम. अडकलं होतं. २०२२ च्या जुलै सत्रात रजेवर असताना इग्नूला, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतला होता, पण परत गेल्यावर दीड वर्षात एकही पेपर देता आला नाही. गावी अडकल्यावर पहिले चार महिने पुस्तक उघडलं नाही, कारण 'आता जायचंच आहे, तिकडं गेल्यावर बघू' हेच डोक्यात. माझी खरी चूक ती. तुमचंही असं काही चाललं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी.

सगळ्यात आधी भिंतीवर एक मोठं कॅलेंडर लावा. मोबाईलमधलं नको, घरातल्या सगळ्यांना येता-जाता दिसलं पाहिजे. त्यावर अभ्यासाच्या तारखा पेनने लिहा. इग्नूची सत्रान्त परीक्षा वर्षातून दोनदा होते, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. त्यासोबत असाइनमेंटची शेवटची तारीख, परीक्षा फॉर्मची तारीख, पुढच्या वर्षाच्या री-रजिस्ट्रेशनची तारीख. या तारखा कधी कधी वाढवून मिळतात, पण वाढतील असं धरून चालू नका. व्हिसाचं जे काही असेल, मेडिकल, पोलीस क्लिअरन्स, कंपनीचा फोन, ते पेन्सिलने. मी मार्चपासून जूनपर्यंत चार वेळा पेन्सिल खोडली. पेनने लिहिलेलं एकदाही खोडावं लागलं नाही. अभ्यास कशाला बांधायचा, ते मला त्या कॅलेंडरवर दिसलं.

मग तास मोजा. हे कंटाळवाणं काम आहे, पण सोडू नका. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. माझ्या बी.कॉम.ला १३२ क्रेडिट आहेत, म्हणजे वर्षाला ४४, म्हणजे १३२० तास. रोजचे साडेतीन तासांहून जास्त, वर्षभर, एकही सुट्टी न घेता. म्हातारा बाप आजारी, शेतात काम, आणि एजंटचा फोन कधीही. अशा घरात हे होत नाही. होईल असं समजून वेळापत्रक केलं की पंधरा दिवसांत ते मोडतं आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. त्यापेक्षा एक विषय धरा. मुख्य विषय बहुतेक ६ क्रेडिटचे, म्हणजे १८० तास. रोज दोन तास दिले तर ९० दिवस. एका सत्रात दोन, फार तर तीन विषय. सगळे पेपर एकाच वेळी द्यायची सक्ती नाही. तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांची मुदत आहे, ती आपल्यासारख्यांसाठीच आहे असं मी समजतो. माझी २०२८ पर्यंत आहे.

माझे दोन तास पहाटे साडेचार ते साडेसहा. संध्याकाळचा अभ्यास गावात टिकत नाही. कोणीतरी पारावर हाक मारतं, नाहीतर लाईट जाते.

असाइनमेंटबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेर जाणाऱ्याचं खरं घोडं इथंच अडतं. ३० टक्के गुण असाइनमेंटचे, ७० टक्के परीक्षेचे, आणि दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. असाइनमेंट हाताने लिहून अभ्यासकेंद्रावर द्यायची असते. सोहारच्या लेबर कॅम्पमध्ये आठ जणांच्या खोलीत वरच्या बंकवर बसून वीस-वीस पानं लिहून मी पाहिली आहेत. लिहून झाली, तरी ती सांगलीपर्यंत पोचवायची कोणी? म्हणून गावी आहात तोवर पुढच्या परीक्षेच्या सगळ्या असाइनमेंट आधी संपवा, पेपरचा अभ्यास मागाहून. परीक्षा हुकली तरी असाइनमेंटचे मिळालेले गुण मुदतीच्या आत पुढं चालतात, पुन्हा लिहाव्या लागत नाहीत. म्हणजे व्हिसा अचानक आला, तरी तुमचं ३० टक्के काम इथं जमा झालेलं असतं.

फक्त प्रश्नसंच चालू सत्राचा आहे ना, ते पहिल्या पानावर बघून घ्या. मी मागच्या सत्राचे प्रश्न डाउनलोड करून तीन विषयांची उत्तरं लिहिली होती. केंद्रावरच्या बाईंनी पहिलं पान पाहिलं आणि हळूच गठ्ठा परत सरकवला. तासगावपर्यंत एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. जमा करायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, आणि पोचपावती पासपोर्टच्या फाईलमध्ये ठेवा. त्या फाईलमधलं काही हरवत नाही.

कामाचं म्हणाल, तर रिकामं बसू नका. पण अभ्यासाला पूरक काम मिळतंय का ते शोधा. आमच्याकडं जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम. चुलते तात्या बेदाणा करतात. त्यांच्या शेडवर मजुरी करण्याऐवजी मी हिशेब मागून घेतला. आधी तात्या नाराज होते. "एवढ्या वह्या कशाला, माझ्या डोक्यात हाय सगळं," म्हणायचे. पण चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, आणि कॉस्ट अकाउंटिंगच्या पुस्तकात 'नॉर्मल लॉस' म्हणून जे प्रकरण मला तीनदा वाचून कळलं नव्हतं, ते शेडमधल्या जाळीपाशी उभं राहून एका सकाळी कळलं. समजा द्राक्षं ३० रुपये किलोनं धरली, तर एका किलो बेदाण्यात १२० रुपयांची द्राक्षंच गेली. त्यावर डिपिंगचं, म्हणजे द्राक्षं बुडवून काढायचं तेल, मजुरी, प्रतवारी, बॉक्स, कोल्ड स्टोरेजचं भाडं. उडून गेलेल्या पाण्याची किंमत राहिलेल्या मालाने उचलायची असते. पुस्तकातलं सूत्र हेच सांगत होतं. मी तात्यांना किलोमागचा खर्च काढून दाखवला. त्या वर्षी बेदाण्याच्या सौद्याला जाताना ते कागद खिशात घालून गेले.

स्टोअरमध्ये सात वर्षं 'बिन कार्ड', म्हणजे कप्प्यातल्या मालाच्या नोंदीची कार्डं भरलेल्या माणसाला स्टॉकची नोंद नवी नव्हती. पण पैशांच्या बाजूने तो माल कसा दिसतो, हे मला बेदाण्याने शिकवलं. तुमच्याकडं ऊस असेल, हळद असेल, दुधाचा कट्टा असेल, दुकान असेल. हिशेबाची वही मागून घ्या. मात्र हंगाम आणि तारखा एकमेकांवर आदळतात, हे ध्यानात ठेवा. जूनच्या परीक्षेच्या असाइनमेंट मार्चच्या आसपास द्यायच्या असतात, आणि मार्चमध्ये शेडवर श्वास घ्यायला सवड नसते. मी आता त्या जानेवारीतच लिहून ठेवतो.

पैशांचं थोडक्यात. परीक्षा फी आणि पुढच्या वर्षाची फी वेगळ्या खात्यात काढून ठेवा, आणि ते खाते घरातल्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्या. माझ्याकडं एका मध्यस्थाने 'फाईल सरकवायला' ४० हजार मागितले होते. मी फीचे पैसे त्यात घालायला निघालो होतो. बायको म्हणाली, "पावती देणार का, तेवढं विचारा." पावती देणार नव्हता. परवानाधारक भरती एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी इतकीच सेवाफी घेता येते, आणि परवाना आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं. ज्याचं नाव तिथं नाही, त्याच्या हातात पासपोर्ट देऊ नका.

थांबण्याच्या काळात एक काम जरूर उरका: नावं जुळवणं. आपल्याकडं दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत. आधारवर तिसरंच काहीतरी, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा ए कमी-जास्त. आता दूरशिक्षणाला नवा प्रवेश घेताना डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर) आणि एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा नंबर) लागतो, आणि तिथं नाव जुळलं नाही की गाडी अडते. पुढं पदवी साक्षांकित करताना पुन्हा हाच प्रश्न. ओमान, बहारीन आणि आता सौदी हे अपोस्टिल, म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का मानणारे देश आहेत; अमिराती, कतार, कुवेतसाठी दूतावासाचा शिक्का लागतो. पण कोणताही शिक्का चुकीचं नाव बरोबर करत नाही. पासपोर्ट हा पाया धरून बाकीचं त्याप्रमाणे दुरुस्त करा.

आणि जे अजून अभ्यासक्रम निवडताहेत त्यांनी आधी कंपनीला ईमेल करून विचारा, की दूरशिक्षणाची पदवी त्या पदासाठी चालेल का. विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि तुमच्या मालकाने, त्या देशाच्या नियमाने ती धरणं वेगळं. उत्तर लेखी घ्या. इंग्रजी जड जात असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात मराठीतून शिकता येतं. ज्यांचं नाव त्याला आहे, त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात. माझी आई तिथून बसने जाताना आजही हात जोडते. मी इग्नू घेतलं, कारण मला कामाच्या जागी इंग्रजीच लिहायचं होतं.

आता व्हिसा ऐन परीक्षेच्या तोंडावर आला तर? घाबरून तिकीट काढू नका. व्हिसावर प्रवेशाची मुदत छापलेली असते, ती वाचा. मग कंपनीला रुजू व्हायची तारीख लेखी विचारा आणि परीक्षेचं वेळापत्रक जोडून दोन-तीन आठवडे मागा. इग्नूची परीक्षा महिनाभराहून जास्त चालते, पण तुमचे दोन-तीन पेपर त्यातल्या दोन-तीन दिवशीच असतात. नेमके दिवस सांगितले की समोरचा माणूस ऐकतो. 'परीक्षा आहे' एवढंच म्हटलं की ऐकत नाही. तरीही नाही म्हणाले, तर जा. मी स्वतः जाईन. सात जणांचं घर आहे. पेपर पुढच्या सत्रात फी भरून देता येतो, नोकरी तशी परत येत नाही. फक्त भारतात घेतलेला प्रवेश आपोआप तिकडच्या केंद्रावर सरकत नाही, त्यामुळे परीक्षेला यावं लागेल हे धरून चला. करार करतानाच वार्षिक रजा जूनमध्ये किंवा डिसेंबरमध्ये मागा. ओमानच्या कामगार कायद्यात वर्षाला ३० दिवसांची रजा आहे.

तिकडं घेऊन जायच्या सामानात छापील पुस्तकं दोनच ठेवा, बाकीची इग्नूच्या ई-ज्ञानकोश या साइटवरून फोनमध्ये उतरवून घ्या. कॅम्पचं वायफाय रात्री चालत नाही. ओमान आपल्यापेक्षा दीड तास मागं, म्हणजे इथला रात्री आठचा ऑनलाइन तास तिकडं साडेसहाला पडतो, ड्युटी सुटून अंघोळ होते तोवर. शुक्रवार पूर्ण अभ्यासाला द्या. बाजार आणि घरचा फोन संध्याकाळी.

स्टँडवरच्या प्रश्नाला मी आता उत्तर बदललंय. "जूनमध्ये पेपर आहेत, ते झालं की बघू," एवढंच सांगतो. पहिल्यांदा लोक दचकले. आता विचारतात, "किती पेपर राहिले?" शेजारचा एक पोरगा परवा स्वतःची अर्धवट राहिलेली बारावीची गुणपत्रिका घेऊन आला होता, काय करता येईल म्हणून. आम्ही दोघांनी अंगणात बसून त्याचे तास मोजले.

माझ्या कॅलेंडरवर जूनचे तीन पेपर पेनने आहेत. पहिला कॉस्ट अकाउंटिंगचा. उद्या पहाटे प्रोसेस कॉस्टिंगची दोन गणितं आहेत, आणि साडेसहाला अण्णांना फिरायला न्यायचं आहे.